नवं कोर्ट, नवं पोलीस ठाणं: जागा कुठं असावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर आणि परभणी २०११ मध्ये महापालिका झाल्या, जालना २०२३ मध्ये झाली. हद्दी वाढल्या, शेतांत कॉलन्या उभ्या राहिल्या, पण ठाणी आणि कोर्टं बहुतेक ठिकाणी जुन्या गावाच्या मापाचीच राहिली. त्यामुळे नव्या इमारतींची मागणी रास्तच आहे. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करते. जागेची पाहणी सुरू झाल्याची बातमी आली की पक्षकार, शेजारी आणि नगरसेवक साधारण हेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हे पान.

सरकारची मोकळी जमीन दिसली तिथं बांधून टाकावं. जागेवर एवढा खल कशाला?

कारण जागा चुकली तर खटला पडतो. फौजदारी खटला साक्षीदारावर उभा असतो आणि साक्षीदार हा बहुतेक वेळा मजुरी बुडवून आलेला माणूस असतो. पहिल्या तारखेला तो येतो. साहेब रजेवर असतात, पुढची तारीख पडते. दुसऱ्यांदा येतो, तेव्हा आरोपीचे वकील मुदत मागतात. तिसऱ्या वेळी एसटी स्टँडपासून कोर्टापर्यंत रिक्षाला जाता-येता द्यायचे पैसे त्याच्या खिशात नसतात. मग समन्स निघतं, वॉरंट निघतं आणि ज्यानं काहीच गुन्हा केला नाही त्याच्या दारात पोलीस उभे राहतात.

अंतराचा अर्थ मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. आपल्या अपिलांसाठी मुंबई गाठावी लागायची, म्हणून इथल्या वकिलांनी आणि लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला सुरू झालं. कोल्हापूरकरांचं सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, त्यामागेही हीच मागणी होती. शहरातल्या शहरात जागा निवडतानाही प्रश्न तोच असतो, मोजमाप तेवढं लहान.

पोलीस आणि न्यायालय एकाच संकुलात असावेत का?

शेजारी असावेत. एका छताखाली, एका दारातून नसावेत. या मुद्द्यावर मी हटून बसते, कारण नकाशावर ही तडजोड फार सोपी दिसते.

शेजारी असण्याचे फायदे उघड आहेत. अटक केल्यापासून २४ तासांच्या आत माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यातून वगळतात. संविधानाच्या कलम २२ मध्येच ते आहे. ठाणं आणि कोर्ट जवळ असलं की हे वेळेत होतं, पोलिसांच्या गाड्या आणि माणसं अडकून पडत नाहीत, तपास अधिकारी साक्षीला येऊन तासाभरात कामावर परततो.

पण कोर्टात येणाऱ्या माणसाला कोर्ट पोलिसांचं वाटता कामा नये. पोलिसांविरुद्ध तक्रार घेऊन येणारी बाई ठाण्याच्या फाटकातूनच आत यावी लागणार असेल, तर ती फाटकावरूनच परत जाईल. कार्यपालिका आणि न्यायपालिका वेगळ्या ठेवा असं संविधानाचं कलम ५० सांगतं. सरकारी वकिलांचं खातंही पोलिसांपासून वेगळं हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये आपल्याच राज्याच्या शहाणे प्रकरणात सांगितलं. म्हणून सरकारी अभियोक्त्यांची कार्यालयं ठाण्याच्या वरच्या मजल्यावर बसवण्याचा प्रस्ताव आला, तर त्याला तिथंच हरकत घ्यावी.

जागा निवडताना याचा हिशेब असा: प्लॉटला निदान दोन बाजूंनी रस्ता हवा. एकीकडून लोक, दुसरीकडून आरोपींची गाडी. एकाच अरुंद तोंडाची लांबुळकी जमीन कितीही मोठी असली तरी या कामाची नाही. न्यायाधीशांचा रस्ता, बेड्यातल्या आरोपीचा रस्ता आणि फिर्यादीचा रस्ता पोर्चमध्येच एकमेकांत मिसळतात, आणि नंतर कितीही भिंती घातल्या तरी ते निस्तरत नाही.

आता सगळं व्हिडिओवर होतं. मग अंतराची चिंता कशाला?

सगळं होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागायची असेल तर आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर प्रत्यक्षच आणावं लागतं, आणि कोठडी वाढवताना दर वेळी आणावं लागतं. व्हिडिओची मुभा आहे ती नंतरच्या न्यायालयीन कोठडीला. याला कारण आहे. अंगावरचे वळ पडद्यावर दिसत नाहीत, आणि ‘काही तक्रार आहे का’ या प्रश्नाला माणूस बाजूला हवालदार उभा असताना एक उत्तर देतो आणि न्यायाधीशासमोर दुसरं देतो.

बायपासला जागा मुबलक आहे, पार्किंग होईल, गर्दी टळेल. तिथं का नको?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणारा बहुधा चारचाकीतून आलेला असतो.

कोर्टात रोज येतं कोण? वाटणीच्या दाव्यातली म्हातारी, पोटगीची तारीख असलेली लेकुरवाळी, जामीनदार म्हणून सातबारा घेऊन आलेला भाऊबंद, अपघात विम्याच्या प्रकरणातली विधवा. ही माणसं एसटीनं किंवा काळीपिवळीनं येतात. किनवट-माहूरकडच्या माणसाला नांदेडचं जिल्हा न्यायालय किंवा एसपी कार्यालय गाठायला शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास आहे. पहाटे निघून साडेदहाच्या बोर्डाला पोचायचं आणि संध्याकाळची शेवटची गाडी धरायची, असा त्याचा दिवस. त्याच्या वाटेत शहराच्या स्टँडपासून बायपासपर्यंतचा आणखी एक टप्पा घालायचा, तर त्याची किंमत जागेच्या किमतीत धरायला हवी. ती धरली जात नाही, कारण ती शासनाच्या तिजोरीतून जात नाही, पक्षकाराच्या खिशातून जाते.

म्हणून माझं मत सरळ आहे. कोर्ट स्टँडपासून पायी पोचता येईल अशा अंतरावर हवं. ते अजिबातच शक्य नसेल तर स्टँडवरून कोर्टाच्या वेळेला जुळणाऱ्या बसफेऱ्या इमारत सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्या. ‘कोर्ट तिकडं गेलं की बस आपोआप सुरू होईल’ हे आश्वासन घेऊ नका.

पोलिसांच्या बाबतीत एकच उत्तर चालत नाही. ठाणं वस्तीत हवं. रात्री मारहाण झालेली बाई चालत पोचू शकेल आणि ११२ वर फोन आल्यावर गाडी अरुंद गल्ल्यांत न अडकता बाहेर पडेल, अशा ठिकाणी. पोलीस मुख्यालय, कवायतीचं मैदान, मोटार परिवहन विभाग, श्वानपथक यांना लोकांचा रोजचा राबता नसतो, तेव्हा ते खुशाल बायपासला जाऊ द्यात. सगळं ‘एकाच ठिकाणी’ आणण्याच्या हौसेत ठाणंही गावाबाहेर जातं आणि गावात उरते ती कुलूप लावलेली चौकी.

गायरान जमीन फुकट मिळते म्हणतात. ती का घेऊ नये?

फुकट कुणाला मिळते, हे आधी पाहू.

सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनी वाचवण्याचा आदेश दिला. त्यानंतर राज्यानं १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला. त्यानुसार दुसरी जमीन उपलब्धच नसेल तर आणि केंद्र किंवा राज्य शासनाच्या सार्वजनिक कामासाठीच गायरानाचा विचार करता येतो. म्हणजे कोर्टाला गायरान देता येतं, पण ‘दुसरीकडं जागा नाही’ हे आधी कागदावर सिद्ध करावं लागतं. पाहणी अहवालात तेवढं एक वाक्य टाकून भागवलं असेल, तर कोणत्या जागा पाहिल्या आणि का नाकारल्या, याची यादी मागा.

दुसरी बाजू मराठवाड्याची आहे. इथल्या गायरानांवर भूमिहीन दलित आणि भटक्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पेरा केलेला आहे. त्यासाठी सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, पण कितीतरी जणांच्या नावाला सातबारा अजून लागलेला नाही. कागदावर ‘सरकारी पड’ दिसणाऱ्या जमिनीत प्रत्यक्षात कुणाची तूर उभी आहे, हे तलाठ्याला माहीत असतं. गावालाही माहीत असतं. न्यायालयाची इमारत अशा माणसाला उठवून उभी राहणार असेल तर तिथं पहिला अन्याय पायाभरणीच्या आधीच झालेला असेल. आधी त्याचा हक्क ठरवा, मग मोजणी करा.

जमिनीचा कागद नीट आहे की नाही हे कसं पाहायचं?

नुसत्या आजच्या सातबाऱ्यावर जाऊ नका. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता, त्यामुळे इथल्या जमिनींचा इतिहास पश्चिम महाराष्ट्राहून वेगळा आहे. मदतमाश, खिदमतमाश (हे निजामकाळातल्या इनामांचे प्रकार), देवस्थान इनाम, वक्फ असे शेरे जुन्या कागदांत सापडतात आणि नव्यात पुसट झालेले असतात. हैदराबाद इनाम निर्मूलनाचा कायदा १९५४ चा. त्यातून कोणती जमीन सुटली आणि कोणती नाही, यावर आजही दावे चालू आहेत.

तेव्हा खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीचा कागद, काढा, सगळे फेरफार उलट्या क्रमानं वाचा, गावठाणात असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक घ्या, वक्फच्या यादीत गट नंबर तपासा. भूमी अभिलेखची मोजणी हद्दीच्या खुणांसह झालेली असावी आणि शेजारच्या गटधारकांना नोटिसा गेलेल्या असाव्यात. जमिनीवर दिवाणी दावा प्रलंबित असेल तर तिथं कोर्ट बांधणं शोभत नाही, परवडतही नाही. मनाई हुकूम आला की अर्धवट कॉलम वर्षानुवर्षं उभे राहतात.

खासगी जमीन घ्यायची वेळ आली तर?

मुख्य रस्ते दोन आहेत. शहराच्या विकास आराखड्यात आरक्षण टाकून, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं. थेट वाटाघाटीनं खरेदीही होते.

आरक्षणात धोका असा की ते टाकलं जातं आणि विसरलं जातं. आराखडा मंजूर होऊन १० वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. मोक्याच्या जागा हातून जातात त्या अशा. तुमच्या शहरात न्यायालयासाठी किंवा पोलिसांसाठी आरक्षित भूखंड आहे का आणि त्याची १० वर्षं कधी भरतात, हे नगररचना विभागात जाऊन आजच विचारा.

२०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास, जाहीर सुनावणी आणि किमतीवर १०० टक्के दिलासा रक्कम आहे. बागायती, एकाहून जास्त पिकं घेणारी जमीन अगदी अखेरचा उपाय म्हणूनच घ्यावी, असं कलम १० सांगतं. विहिरीच्या पाण्यावर ऊस किंवा मोसंबी उभी असलेलं रान दाखवलं गेलं, तर हे कलम अर्जात नोंदवा.

आमच्याकडं सगळी काळी माती. इमारतीला भेगा जाणार नाहीत का?

पाया नीट नसेल तर जातील. भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये तिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. तिच्यावर उथळ पाया घातला की पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत दारं अडकायला लागतात, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात, फरशी मधोमध उचलते. यावर उपाय ठरलेले आहेत: खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जाणं, किंवा तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, घालणं. दोन्हींना पैसा लागतो. तेव्हा दोन जागांची तुलना करताना जमिनीच्या दराबरोबर पायाचा खर्चही मांडायला सांगा. मातीची चाचणी जागा ठरण्याआधी व्हावी. बऱ्याचदा ती निविदा निघाल्यावर होते, मग अंदाजपत्रक वाढतं आणि काम थांबतं.

भूकंपाचंही इथंच सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती, लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. त्या दिवसापर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो झोन ३ मध्ये आला. अशा पहाटे बिनतारी यंत्रणा, नियंत्रण कक्ष आणि ठाणं उभं राहिलंच पाहिजे, कारण मदत तिथूनच निघते. भूकंपरोधक संहितेत अत्यावश्यक सेवांच्या इमारतींसाठी महत्त्व गुणांक १.५ धरतात, म्हणजे साध्या इमारतीच्या दीडपट जोर गृहीत धरतात. आराखडा करणाऱ्या अभियंत्याला तो धरलाय का, एवढा एक प्रश्न जरूर विचारा.

नदीकाठची जागा दाखवताहेत. चालेल?

पूररेषा पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, आणि या कामासाठी मी तर लाल रेषेच्याही बाहेरच राहा म्हणेन. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की नांदेडच्या सखल भागांत काय होतं, ते तिथल्या लोकांना सांगावं लागत नाही. बीडच्या बिंदुसरा नदीनं १९८९ मध्ये काय केलं, ते जुने लोक अजून बोलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरात परंडा भागातल्या माणसांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. आपल्या नद्या वर्षातले आठ महिने कोरड्या दिसतात. जागेची पाहणी बहुतेक वेळा उन्हाळ्यात होते, फसगत तिथंच होते.

पूर आला की ठाण्याला बोटी पाठवायच्या असतात, पंचनामे करायचे असतात. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलं तर तीस वर्षांच्या दाव्यातलं मूळ खरेदीखत गेलं, आणि त्याची दुसरी प्रत कुणाकडे नसते.

पाण्याचा एवढा विचार करायचा?

२०१६ आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि ५ लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावली होती, म्हणजे पाण्याच्या टंचाईत पोलिसांचं कामही वाढतं. कोठडी, संडास, पोलीस वसाहत आणि रोजचे शेकडो पक्षकार यांना नळजोडणीचा भरवसा हवा. नुसत्या बोअरवर संकुल मंजूर करू नका.

एवढ्या मोठ्या जागेची गरज काय? आमचं ठाणं तर दोन खोल्यांत चालतं.

त्या दोन खोल्यांच्या बाहेर काय आहे ते पाहा. कोणत्याही जुन्या ठाण्याच्या आवारात जप्तीच्या मोटारसायकली एकमेकींवर टेकून उभ्या असतात. टायर मातीत रुतलेले, सीटमधून गाजरगवत वर आलेलं, नंबरप्लेट गंजून वाचता येत नाही. भिंतीला लागून वाळूचे जप्त हायवा आणि ट्रॅक्टर. गोदाकाठच्या तालुक्यांत त्यांची रांग रस्त्यावर येते. हा सगळा मुद्देमाल आहे, पुरावा आहे, आणि त्यातली कितीतरी वाहनं निर्दोष मालकांची आहेत. यासाठी वेगळं, कुंपणाचं, सीसीटीव्हीखालचं आवार लागतं. ते ठाण्यापासून थोडं दूर असलं तरी चालतं, पण जागेच्या प्रस्तावात ते लिहिलेलं असलं पाहिजे. पुढं जमीन मिळत नाही.

नव्या संहितेनं गरज आणखी वाढवली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे, झडतीचं चित्रीकरण करायचं आहे. या पुराव्यांना थंड, कोरड्या, कुलूपबंद खोल्या लागतात. विभागीय प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. नमुना तिथं जाईपर्यंत तो ठाण्यातच राहतो.

पोलीस वसाहतही धरा. बंदोबस्तावरून मध्यरात्री परतणाऱ्या शिपायाचं घर ठाण्याजवळ असेल तर तो सकाळी माणसासारखा कामावर येतो.

बायका, मुलं, साक्षीदार यांच्या सोयी इमारतीत करता येतात. जागेशी काय संबंध?

कोर्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली उभं राहा, म्हणजे समजेल. अत्याचाराच्या खटल्यातली मुलगी आईला बिलगून बसलेली असते आणि दहा पावलांवर आरोपीचे काका-मामा चहा पीत तिच्याकडं टक लावून बघत असतात. पुकारा होईपर्यंत तीन तास. आत गेल्यावर ती गप्प झाली तर नोंद होते: साक्षीदार फितूर.

सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, स्मृती बडदे यांच्या, ११ जानेवारी २०२२ ला सर्व उच्च न्यायालयांना असुरक्षित साक्षीदारांसाठी, म्हणजे लहान मुलं आणि अत्याचारपीडितांसारख्यांसाठी, स्वतंत्र जबाब केंद्रं उभारायला सांगितलं. केंद्र म्हणजे नुसती एक रंगवलेली खोली नव्हे. वेगळं फाटक, वेगळी प्रतीक्षा खोली, आरोपीशी नजरानजर होणार नाही असा मार्ग लागतो, आणि तो चिंचोळ्या प्लॉटवर काढता येत नाही. १५ जानेवारी २०२५ च्या निकालानं प्रत्येक न्यायालयात स्त्रिया, पुरुष, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहं बंधनकारक केली. उतारावरची जागा घेतली तर व्हीलचेअरचा रॅम्प केवढा लांब होतो, तेही नकाशावर मोजून पाहा. जवळ सरकारी दवाखाना असेल तर वैद्यकीय तपासणीसाठी पीडितेला शहरभर फिरवावं लागत नाही. दोन जागा बाकी सारख्या असतील तर मी दवाखान्याजवळची निवडेन.

जुन्या कोर्टाच्या जागीच बांधलं तर?

मला हा पर्याय सर्वांत आधी तपासावा असं वाटतं. लोकांना जागा ठाऊक असते, कागद स्वच्छ असतो, बस जाते. अडचण असते ती बांधकामाच्या काळात कामकाज कुठं न्यायचं, याची. निजामकाळातली दगडी इमारत असेल तर ती पाडण्याआधी तिच्या मजबुतीची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. अशा इमारती थंड असतात आणि ग्रंथालय, विधी सेवा प्राधिकरण, मध्यस्थी केंद्र यांना छान शोभतात.

कोर्ट हललं की आणखी काही माणसं हलतात: टायपिस्ट, मुद्रांक विक्रेते, अर्जनवीस, झेरॉक्सवाले, चहाची टपरी. नव्या आवारात त्यांच्यासाठी ओटे नकाशातच काढून ठेवा. हे लोक नसले तर खेड्यातून आलेल्या माणसाला साधा वकालतनामा भरायला जागा राहत नाही.

आमच्या कॉलनीशेजारी ठाणं आलं तर त्रास होईल का?

मोर्चे, गाड्या आणि रात्रीची वर्दळ वाढते, हे खरं आहे. म्हणून फाटक वस्तीच्या अंतर्गत रस्त्यावर नको, मोठ्या रस्त्यावर हवं. गुन्हेगार येऊन राहतील ही भीती मात्र निराधार आहे. कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येतं, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर ते शासनानं जाहीर केलं तरच लागू होतं. विसर्जन मार्गावरची जागा असेल तर हे आधी करून घ्या.

शेवटी ठरवतं कोण?

न्यायालयासाठी जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि सार्वजनिक बांधकाम विभाग जागा सुचवतात, उच्च न्यायालयाची संमती लागते, प्रशासकीय मान्यता विधी व न्याय विभाग देतो. न्यायालयीन पायाभूत सुविधांची केंद्र पुरस्कृत योजना १९९३-९४ पासून आहे, आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के. पोलिसांचा प्रस्ताव अधीक्षक किंवा आयुक्तांकडून गृह विभागाकडे जातो. बांधकामाला १९७४ मध्ये स्थापन झालेलं पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ असतं. वकील संघाचं म्हणणं ऐकलं जातं. पक्षकारांचा संघ नसतो, म्हणून त्यांच्या वतीनं कुणीतरी लिहावं लागतं.

मग सामान्य माणसानं काय करायचं?

माहिती अधिकारात तीन कागद मागा: पाहणी केलेल्या सर्व जागांचा तुलनात्मक तक्ता, निवडलेल्या जागेचा माती-चाचणी अहवाल आणि पूररेषेचा नकाशा. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘असा कागद उपलब्ध नाही’ हेसुद्धा उत्तरच आहे, ते जपून ठेवा.

आराखड्यात फेरबदल होत असेल तर वर्तमानपत्रात आणि राजपत्रात जाहिरात येते. तिच्यात दिलेल्या मुदतीतच लेखी हरकत जायला हवी, पोच घ्यायला हवी आणि सुनावणीला स्वतः उभं राहायला हवं. हरकत लिहिताना ‘जागा गैरसोयीची आहे’ असं मोघम लिहू नका. स्टँडपासून अंतर किती, सकाळी १० च्या आत तालुक्यावरून येणाऱ्या गाड्या किती, रिक्षाचं भाडं किती, रस्त्याची रुंदी किती, शेवटचा पूर कुठवर आला होता, हे लिहा. एका शनिवारी दोन मित्र फिरले तर हे सगळं गोळा होतं. हरकतीबरोबर पर्यायी गट नंबर द्या. पर्याय दिलेली हरकत बाजूला सारणं अवघड जातं.

भूमिपूजन झालंय. आता काही होऊ शकतं का?

कार्यारंभ आदेश निघाला नसेल तर जागाही बदलू शकते. निघाला असेल तर जागेचा नाद सोडा आणि फाटकं, साक्षीदारांचा वेगळा मार्ग, मुद्देमालाचं आवार आणि बसथांबा यांच्यासाठी लिहा. हे बदल नकाशात असेपर्यंत होतात, म्हणून अर्ज स्लॅब पडण्याआधी सार्वजनिक बांधकामच्या कार्यकारी अभियंत्याकडे आणि त्याची प्रत जिल्हा न्यायाधीशांकडे जाऊ द्या.